काकीची पेज

"आजी, तुझं पेज मी काढलंय," असं नातवानं सांगितलं तेव्हा काकी म्हणाली, "काढलंस तर जेव. वांगडा लोणच्याची फोड घी." आमच्याकडे पेज असते ती उकड्या तांदळाची, सकाळी शेतावरून आल्यावर गरमगरम जेवायची. फेसबुकवरही एक पेज असतं, ते नपुंसकलिंगी असतं आणि त्यानंही पोट भरतं, हे काकीला समजावण्यात पोराचा सगळा मे महिना गेला.

काकीचं घर देवबागेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. दोन खोल्या पाहुण्यांना, जेवण पडवीत. पडवीत दाटीवाटीनं बारा माणसं बसतात. तेरावा आला तर तो तुळशीपाशी उभा राहून पहिल्या पंगतीचं ताक संपायची वाट बघतो. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे धावू लागली आणि हळूहळू घरोघरच्या पडव्यांत परकी माणसं जेवू लागली. तेव्हाचं मार्केटिंग म्हणजे माडाला ठोकलेली पत्र्याची पाटी: 'घरगुती जेवण मिळेल'. पाटी खाऱ्या वाऱ्यानं गंजायची, मग दोन-तीन वर्षांनी नवी. एकदा ठोकली की ती रोज काही मागत नसे.

रील मात्र रोज मागते. 2020 च्या जूनअखेरीला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामची रील आली आणि आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक हॉटेलवाला दिग्दर्शक झाला. एकाच उंचीवरून ड्रोन, तोच देवबागचा संगम, तेच त्या आठवड्यात चाललेलं गाणं, आणि खाली 'हिडन जेम'. आठ लाख लोकांनी बघितलेली लपलेली जागा! संगमाजवळच्या वाळूच्या पट्ट्याला 'त्सुनामी आयलंड' हे नाव कुणी दिलं देव जाणे, पण तो माणूस आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा जाहिरातदार समजायला हवा. त्सुनामी म्हटल्यावर माणसं उलट्या दिशेनं पळायची, ती इथे पैसे देऊन बोटीत बसतात.

सुरमईची रील मी डोळ्यांनी पाहिली. रव्यात घोळवलेली तुकडी तव्यावर पडली, चुर्र झालं, पोरगा म्हणाला, "आजी, आवाज नीट आला नाही, परत टाक." तळणीतली तुकडी परत कशी टाकणार? नवी घेतली. मग उजेड मागून येत होता. मग काकीच्या हाताला पीठ लागलेलं दिसत होतं, ते आधी 'खरं वाटतं' म्हणून हवं होतं, मग 'फार खरं वाटतं' म्हणून नको झालं. चार वेळा उलथलेली ती तुकडी शेवटी माझ्या ताटात आली. चामड्याच्या वहाणेला मालवणी मसाला लावला तर साधारण अशीच लागेल. रीलमध्ये मात्र ती सोन्यासारखी दिसते. अजून लोक तिच्याखाली लाळ गाळतात.

मला खरी गंमत वाटते ती भावाची. मालवणच्या बाजारात मासेवालीसमोर नुसतं रेंगाळलात तरी ती भाव सांगते, मोठ्यानं, चार जणांच्या देखत. तुम्ही निम्मा मागता, ती तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करते आणि व्यवहार मधे कुठेतरी मिटतो. इथे कुणी विचारतं 'थाळी केवढ्याला?' तर खाली उत्तर: 'डीएम करा.' बांगड्याचा भाव काय कानात सांगायची गोष्ट आहे? पोरगा म्हणतो, अशानं लोक बोलतात, बोलले की पोस्ट पुढे सरकते. कुणाच्या पुढे सरकते ते त्यालाही माहीत नाही. ते अल्गोरिदमला माहीत. हा अल्गोरिदम मला तरी गावच्या देवचारासारखा वाटतो: दिसत नाही, कुठल्या वेळेला फिरतो कळत नाही, आणि मान चुकला की वाट अडवतो. एका संध्याकाळी मी पडवीत उभा राहून गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरान ह्या जा काय रील सोडलला आसा, ता मुंबयत, पुण्यात, घाटार पोचव रे म्हाराजा! वाटेत कोणी आडवो इलो, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!" पाहुण्यांसकट सगळे ओरडले, "होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं लागू पडलं, पण सुरमईला नव्हे. पोरानं मोबाईल चालू ठेवून मांजराला काही खायला घातलं आणि काकीनं त्याला जे काही सुनावलं, ते चुकून वर चढलं. मालवणी शिव्यांत माया किती असते हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणतात, पण तीन लाख लोकांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून फोन. भोपाळहून एकानं विचारलं, व्हेज थाळी मिळेल का. पुण्याची एक बाई म्हणाली, जेवण कसंही चालेल, काकी ओरडतील ना? शनिवारी दारात चाळीस माणसं उभी. त्यातला एक मोबाईल रोखून म्हणाला, "काकी, एकदाच, माझ्या मित्राला." काकी ओशाळली, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "शी! गिऱ्हाईकाक कोण शियो घालता?" आणि आत गेली.

बारांना पुरेल एवढीच मासळी होती. बारा जेवले. बाकीच्यांतल्या तिघांनी पेजवर एक तारा दिला. एकानं तर 'काकी ओरडल्या नाहीत' एवढंच लिहून.

फोननं आमचं भलं केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 2020 च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचा भरवसा राहिला नाही, तेव्हा कितीतरी बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन आंब्याच्या पेट्या थेट मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत उतरवल्या. तिथे रील नव्हती की गाणं नव्हतं. कुणाला किती डझन, पत्ता काय, पैसे पोचले का, एवढंच. झाडावर होता तेवढाच आंबा विकायचा होता.

तेच या नव्या देवचाराला पटत नाही. त्याला बारा म्हणजे काय ते कळत नाही. त्याला महिनेही कळत नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, वाळूवर होड्या झापांखाली झोपतात, काकी सुकटीचं किसमूर आणि कुळथाच्या पिठीवर येते. पण रोज काहीतरी टाकलंच पाहिजे म्हणून पोरानं भर जुलैत एप्रिलचं पापलेट टाकलं आणि वर लिहिलं, 'आजचं ताजं'. दांडीवरच्या एका रापणकारानं खाली एवढंच लिहिलं, "खंयच्या दर्यातला रे?" पोरानं ते पुसलं नाही, याचं मला कौतुक वाटलं.

या दिवाळीत काकीनं माडाला नवी पाटी ठोकून घेतली. 'घरगुती जेवण मिळेल', खाली थाळीचा भाव ठसठशीत अक्षरांत, त्याच्याखाली नातवाचा नंबर. पोरानं त्या पाटीचा फोटो पेजवर सगळ्यात वर लावलाय. तेव्हा देवबागेत येणार असाल तर रील बघून या, न बघता या, पण आदल्या रात्री फोन करून किती माणसं ते सांगा. काकी पहाटे लिलावाला जाते ती डोकी मोजून.