चाळिशीतला पाळणा

"काल रात्री पांढरी गाडी कुणाची उभी होती गं तुमच्याकडे?"

"तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही, काकू! नणंद आली होती पुण्याहून."

"बँकेतली? छत्तिसाव्या वर्षी बोहल्यावर चढली ती?"

"तीच. आता एकोणचाळीस संपतील. तुम्हाला म्हणून सांगते हं, तोंडात तीळ भिजू द्या. मूल हवंय त्यांना. दोन वर्षं झाली, काहीच नाही. सासूनं सोळा सोमवार धरायला लावलेत, जावेनं कुठलंसं चूर्ण दिलंय."

"आणि डॉक्टर?"

"तिथंच तर गाडी अडलीय. म्हणते, फराह खानला त्रेचाळिसाव्या वर्षी तिळं झालं, मग मला कसली घाई?"

"अगं, आयव्हीएफ केलं होतं तिनं, आणि तसं उघड सांगितलंसुद्धा. लोकांना तीन पाळणे तेवढे लक्षात राहतात. ती मिस वर्ल्ड झालेली डायना हेडन बेचाळिसाव्या वर्षी आई झाली, ती आठेक वर्षं आधी गोठवून ठेवलेल्या बीजावर. जे काय घड्याळ असतं ते बीजांचं असतं. पोरगी जन्मते तेव्हा पोटात दहा-वीस लाख बीजं, न्हाण येईतो तीन-चार लाख उरतात. नवीन एक होत नाही. पस्तिशी उलटली की संख्या घसरते आणि उरलेल्यांचा कसही उतरतो. उशिराचे गर्भ पडतात जास्त, ते बरेचसे त्यामुळेच."

"म्हणजे तिनं गोठवायला हवी होती?"

"तिशीच्या आसपास. आता त्याचं काय! पस्तिशीनंतर सहा महिने वाट बघायची, चाळिशीला तेवढीही नाही. हिनं दोन वर्षं चूर्णात घालवली. त्या चूर्णाची पुडी डॉक्टरला दाखव म्हणावं, काहींत शिसं निघतं. आणि जावईबापूंची तपासणी झाली का?"

"अहो काकू, हळू बोला ना!"

"त्यात हळू काय बोलायचं? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही निघतं. एका डबीचं काम. सुई नाही, भूल नाही. आणि बाई मात्र सोळा सोमवार करतेय! पहिली तपासणी त्यांची. हिच्यासाठी एएमएच नावाची रक्ताची तपासणी, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, थायरॉइड, साखर. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी विचारून आजपासून. पण तो एएमएचचा आकडा बघून रडायला बसू नको म्हणावं, त्यातून बीजं साधारण किती ते कळतं, कशी आहेत ते नाही."

"तुम्हाला बरं एवढं ठाऊक!"

"मुंबईच्या केईएममध्ये सिस्टर होते, विसरलीस? ६ ऑगस्ट १९८६ ला तिथंच हर्षा जन्मली, टेस्ट ट्यूब बेबी. डॉक्टर इंदिरा हिंदुजाबाई आणि ते आनंदकुमार, त्या दोघांची करामत. माझा वॉर्ड वेगळा, पण कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. पुढं तिला मूल झालं तेही हिंदुजाबाईंच्याच हातून. कलकत्त्याच्या सुभाष मुखर्जींनी आठ वर्षं आधी केलं होतं खरं तर. सरकारी समितीनं खोटं पाडलं, बिचाऱ्यानं जीव दिला. आनंदकुमारांनीच मग त्यांचे कागद वाचून पहिला मान त्यांना दिला. असा माणूस विरळा."

"आणि त्या आयव्हीएफला खर्च किती हो?"

"एका खेपेला दीड-दोन लाख धरून चाल. दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, मग बीजं काढायची, बाहेर गर्भ तयार करायचा, तीन किंवा पाच दिवसांनी आत सोडायचा. पुढचे दोन आठवडे घरातल्यांनी तिला काही विचारायचं नाही. तू तर नाहीच नाही! आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर अपयशच जास्त येतं, हे आधी ऐकून ठेवायचं. 'हमखास' अशी पाटी दिसली की रस्ता ओलांडायचा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"दुसऱ्या बाईची बीजं घेता येतात. २०२१ चा कायदा आहे. देणारी २३ ते ३५ वर्षांची, जन्मात एकदाच देऊ शकते, तिचं नाव कळत नाही. घ्यायची ती बीजांच्या बँकेमार्फत. बाईला पन्नाशीपर्यंतच उपचार, पुरुषाला पंचावन्न. गर्भाशय त्या मानानं दमदार असतं, तरुण बीज मिळालं तर चाळिशीतही साथ देतं. बीपी-साखर मात्र सांभाळावी लागते."

"पण मग मूल तिच्या तोंडावळ्याचं नाही होणार."

"तुझा थोरला कुणावर गेलाय?"

"मामावर."

"मग मामानं काढल्या का गं त्याच्या रात्री?"

"तुम्ही पण ना! सासूला काय सांगायचं पण?"

"काही नाही. तिला सोमवार करू दे. उपासानं बीज बिघडत नाही, वाट बघण्यानं बिघडतं. दत्तकासाठीही आत्ताच नाव घालून ठेवा म्हणावं, यादी लांब असते, दोन्ही चालू ठेवता येतं. आज संध्याकाळी फोन कर तिला. आणि जावईबापूंशी तुझ्या नवऱ्याला बोलायला लाव, बायकांनी सांगितलं की त्यांना अपमान वाटतो."

"हे बोलतील? हे तर टीव्हीवर तसली जाहिरात लागली तरी उठून जातात!"

"मग माझ्याकडे पाठव दोघांना चहाला. गप, गप, पलीकडची दार उघडून आली बघ. हो गं, वांगी ऐंशी रुपये किलो, ऐंशी! काय खावं माणसानं!"