थोरली पाती, धाकटी पाती आणि एक अंडं

माळव्यातल्या माणसाला थक्क करणं महाकठीण. थक्क व्हायचं तर समोरच्या वस्तूपासून चार पावलं मागं सरावं लागतं, आणि आमच्याकडं मागं सरायची पद्धत नाही. कितीही मोठी गोष्ट दारात आली की तिला चपला बाहेर काढायला सांगतात, आत बसवतात, पोहे-जिलबी देतात आणि बशी रिकामी झाली की काहीतरी कामाला लावतात.

धारचा लोहस्तंभच घ्या. लाट मशिदीपाशी तो तीन तुकड्यांत पडून आहे. तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरच्या वर, वजन सात टनांच्या आसपास. एवढं लोखंड त्या काळी कुणी कसं घडवलं, हा राजा भोजाचा जयस्तंभ होता की आणखी कशाचा, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई आटवली. धारच्या लोकांनी निकाल केव्हाच लावून टाकला होता: ही गांगली तेलिणीच्या तराजूची दांडी! सात टनांची दांडी उचलून ही बाई कुणाला तेल मोजून देत होती आणि त्या गिऱ्हाइकाच्या घरी रोज काय तळत होते, असले प्रश्न धारमध्ये कुणी विचारत नाही. वस्तूला काम मिळालं, विषय संपला.

हे मी जरा चिडून लिहितो आहे, कारण माझी बायको धारची आहे. मी देवासचा. दोन्ही गावं पवारांची, मध्ये इंदूर. लग्न ठरलं तेव्हा वडीलमंडळी म्हणाली होती, ‘पवारांचं गाव पवारांच्या गावी चाललंय, जमेल.’ जमलं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात वर्तमानपत्र हे बातम्या वाचण्यासाठी येत नाही. धार पुढं की देवास पुढं, याचा रोजचा निकाल पाहण्यासाठी येतं.

इतिहासाचा विषय निघाला की बायकोचा पहिला हुकमी पत्ता म्हणजे बाजीराव. पहिला नव्हे, दुसरा. राघोबादादांच्या पळापळीत आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात पवारांचा आसरा मिळाला आणि तिथंच जानेवारी 1775 मध्ये हा मुलगा झाला. “पेशवा आमच्या किल्ल्यात जन्मला,” असं ती कुणाही पाहुण्याला दुसऱ्या चहाच्या आत सांगते. मी म्हणतो, “हो, आणि 1818 मध्ये त्यानंच पेशवाई घालवली.” त्यावर तिचं उत्तर तयार असतं: “बाळंतपण आम्ही केलं, ते नीट झालं. वळण लावायचं काम तुमच्या पुण्याच्या लोकांचं होतं.” पुणं माझं कधी झालं, हे मला कळलेलं नाही. पण भांडणात बायको मला सोयीनं कुठल्याही गावचा करते.

दुसरा पत्ता मांडूचा. मांडू धार जिल्ह्यात, म्हणून रूपमती, बाजबहादूर, जहाजमहाल आणि तिथल्या गोरखचिंचेची ती भलीमोठी फळंसुद्धा बायकोच्या माहेरच्या खात्यावर जमा. मांडूचा सुलतान घियासशाह खिलजी यानं 1500 च्या सुमारास ‘निमतनामा’ नावाचा पाकग्रंथ चित्रांसकट करवून घेतला. आता तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात सामोशाच्या कृती आहेत, आणि चित्रांत खुद्द सुलतान रांधणाऱ्या बायकांच्या मध्ये जातीनं हजर आहे. ही माहिती मीच एका मासिकात वाचून मोठ्या हौसेनं घरात सांगितली. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे सुलतान स्वयंपाकघरात उभा राहत होता?” तेव्हापासून रविवारी भुट्ट्याचा कीस मी करतो.

आता आमच्या देवासकडं वळू. आमचं वैभव असं की एका गावात दोन राज्यं होती. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ. त्यांच्या वंशजांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. वाटणी अर्धं तुला, अर्धं मला इतकी सरळ झाली नाही. गावं वाटली, शेतं वाटली, शहर वाटलं. हमरस्त्याची एक बाजू एका महाराजांची, दुसरी दुसऱ्यांची. दोन बाजूंची पाण्याची व्यवस्था वेगळी, दिवाबत्तीची वेगळी. म्हणजे रस्ता ओलांडून शेजाऱ्याकडं ताक मागायला जाणं हा परराष्ट्र व्यवहार होता.

बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटतं. ज्यांच्या घरात दोन भाऊ आहेत त्यांना वाटत नाही. 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्यभारतात विलीन झाली, पण आमच्या वाड्यात दोन पात्या अजून नांदताहेत. दादा थोरली पाती, मी धाकटी. अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत आहे. मीटर दोन, पाण्याच्या मोटारी दोन, दाराच्या घंटा दोन. घंटा दोन असल्यामुळं कुठलीही वाजली तरी दोन्ही घरांतली माणसं आपापल्या दारात येतात आणि पोस्टमनला राजदरबारात आल्यासारखं वाटतं. देवघर मात्र एक आणि आई एक. ती संयुक्त मालमत्ता. सकाळचा चहा ती इकडं घेते आणि इकडची टीका तिकडं जाऊन करते.

आमच्या टेकडीवरच्या देवींचीही हीच कथा. वर तुळजाभवानी ही मोठी माता, चामुंडा ही छोटी माता. लोक सांगतात, दोघी बहिणींचं बिनसलं. मोठी पाताळात उतरू लागली, छोटी टेकडी सोडून निघाली. तेव्हा हनुमान आणि भैरूबाबा मध्ये पडले, विनवण्या केल्या आणि दोघी जिथं होत्या तिथंच थांबल्या. नवरात्रात लाखो माणसं दर्शनाला चढतात ती या समेटाच्या. देवींमध्येसुद्धा वाटणीचा वाद लावून त्यांना घरच्या करून घेणारं गाव माणसांना काय सोडणार?

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनाही सोडलं नाही. 1921 मध्ये ते थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून आले. एवढा मोठा लेखक हाती लागल्यावर देवासनं त्याच्याकडं काय सोपवावं? बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर. पुढं 1924 मध्ये त्यांची ‘ए पॅसेज टू इंडिया’ आली आणि जगभर गाजली. माझं मत विचाराल तर मोटारींची देखभाल केलेल्या माणसाला कादंबरी अवघड जात नाही.

देवासच्या आठवणींवर त्यांनी 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढलं. त्यात राजवाड्यातल्या पियानोंची हकीकत आहे. पियानो नवेकोरे, पण आमच्या कोरड्या हवेनं त्यांना तडे गेले, पट्ट्या अडकून बसल्या, वाजेनात. हे वाचून बायकोला फार आनंद झाला. “तुमच्याकडं वाद्यंसुद्धा टिकत नाहीत!”

इथं मात्र हुकूम माझ्या हातात होता. म्हटलं, “पुढं ऐक. हीच कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 मध्ये एक तरुण गवई आजारी फुप्फुसं घेऊन देवासला राहायला आला. पियानोला बाधली ती हवा कुमार गंधर्वांना मानवली.”

धारकडून उत्तर आलं नाही. येणार कुठून?

कुमारजींनी क्षयाची ती वर्षं अंथरुणात काढली. गाण्याची बंदी होती, ऐकण्याची नव्हती. कानावर पडत होतं ते माळव्याच्या बायकांचं गाणं: लग्नातलं, सणावारातलं, पावसातलं. बऱ्याच काळानं ते पुन्हा गायला बसले तेव्हा त्या धुनांमधून राग निघाले, मधसुरजा, सहेली तोडी, लगनगंधार. ‘गीतवर्षा’ आणि माळव्याच्या लोकधुनांचे त्यांचे कार्यक्रम झाले आणि मुंबई-पुण्याचे जाणकार माना डोलवू लागले. आमच्या गावाची रीत मोठं ते घरगुती करून टाकायची. या माणसानं घरगुती होतं ते मोठं करून दाखवलं, आणि तेही टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या बायका ज्या वाटेनं गात जात त्याच वाटेवर राहून. अर्थात देवासनं इथंही आपला हिशेब सोडला नाही. प्रत्येक आळीत एक तरी घर असं सापडतं, जिथं सांगतात, “ती धून आमच्या आजीची हो.” सगळ्या आज्या खऱ्या मानल्या तर कुमारजींना आराम कधी मिळाला, हा प्रश्न पडतो.

आमच्या घरात संगीताचीही वाटणी झालेली आहे. दादा पहाटे कुमारजींचे ख्याल लावतो. मी निर्गुणी भजनवाला. माझा मुलगा तिसऱ्याच पंथाचा. त्याच्या गाण्यात ढोल आधी येतो आणि गायक जमल्यास नंतर. भिंत कमरेएवढी असल्यामुळं तिन्ही आवाज सरहद्द ओलांडतात. आई ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणते, “मोठा आळवून राहिला, धाकटा रडवून राहिला, नातू बडवून राहिला. कुणी एकानं तरी गा रे!”

अशा या घरात डिसेंबर 2023 मध्ये ती बातमी आली. धार जिल्ह्यात बागजवळच्या पाडल्या गावी लोक पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर काही गोल दगड पुजत आले होते. नाव काकडभैरव. शेताची आणि गुराढोरांची राखण त्याच्याकडं. नारळ फुटत होते, नवस फिटत होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे शास्त्रज्ञ आले, दगड पाहिले आणि म्हणाले, ही डायनासोरची अंडी आहेत.

बायकोनं बातमी मोठ्यानं वाचली, वाड्याच्या दोन्ही पात्यांना ऐकू जाईल अशी. मग एकेक निवाडा बाहेर पडला. दादा म्हणाला, “बघा, अंधश्रद्धा!” वहिनी म्हणाली, “इतकी वर्षं राखण केली ना, मग अंधश्रद्धा कसली?” मुलगा म्हणाला, “उबवली तर?” आई म्हणाली, “मग आता नारळ फोडणं बंद केलंय की काय त्यांनी?” मला विचाराल तर सगळ्या वर्तमानपत्रांत मिळून हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो कुणी विचारला नव्हता.

बायको आता थांबणार नव्हती. तिनं जुनी कात्रणं काढली. त्याच वर्षी जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी धार जिल्ह्याच्या त्या भागातली 92 घरटी आणि 256 अंडी जाहीर केली होती. त्याच्या आदल्या वर्षी तर बागलाच अंड्याच्या आत अंडं सापडल्याची बातमी होती. “एकात दुसरं,” ती भिंतीकडं बघत म्हणाली, “दोन पात्या.”

संशोधकांनी असंही लिहिलं होतं की घरटी इतकी दाटीवाटीनं आहेत की आईबापांना मध्ये वावरायला जागा नसणार. अंडी घालून ते निघून जात असावेत. हे ऐकून आई जरा वेळ गप्प झाली. आमची लेक आणि दादाचा थोरला, दोघं पुण्यात. “आपल्याकडं उलट आहे,” ती म्हणाली. “पिल्लं जातात, म्हातारे घरटं राखतात.” मग लगेच, “फोन लावा तिला. म्हणावं, डायनासोरपेक्षा तरी बरी वाग.”

इथपर्यंत ठीक होतं. पण वाड्याच्या भिंतीत, नेमक्या मध्यावर, एक गोल दगड आहे. शेंदूर इतका चढलाय की मूळ रंग कुणी पाहिलेला नाही. भिंत बांधताना गवंड्यानं त्याला हात लावायला नकार दिला, म्हणून भिंत दोन्ही बाजूंनी येऊन त्याला टेकली. आम्ही त्याला भैरूबाबाच म्हणतो. शनिवारी तेल, अमावस्येला नारळ. दादाचा धाकटा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकतो. त्यानं बातमी ऐकली, दगडाकडं पाहिलं आणि म्हणाला, “तपासून घ्यायचा का?”

वाड्यात जी शांतता पसरली तशी वाटणीच्या दिवशीही पसरली नव्हती. आधी बोलला दादा, अंधश्रद्धावाला. “कशाला? आहे तो बरा आहे.” मी म्हटलं, “अंडं निघालं तर सरकार घेऊन जाईल. भिंतीला भोक पडेल.” वहिनीला वेगळीच काळजी. “अगबाई! अंडं? तुळशीच्या समोर? आपल्या घरात अंडं चालत नाही!” बायको म्हणाली, “चतुर्मासातसुद्धा आपण त्याला नैवेद्य दाखवला.” आई म्हणाली, “नैवेद्य त्यानं खाल्लाय का? तुम्हीच खाल्लाय.” थोरली आणि धाकटी पाती पहिल्यांदाच एकमतानं एका ठरावावर आली होती: शास्त्राला वाड्यात प्रवेश नाही.

पोरगं मात्र हट्टी. दुपारी सगळे झोपले असताना त्यानं मागच्या बाजूनं, जिथं शेंदूर पोचत नाही तिथून, भिंग लावून पाहिलं. संध्याकाळी ओसरीवर निकाल जाहीर झाला. साधा काळा दगड. आपलं पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं, त्यातलाच एक घडीव गोटा. अंडी मिळतात ती लमेटा नावाच्या थरांत, तिकडं बागच्या बाजूला, नर्मदेच्या खोऱ्यात. इथं मिळायची नाहीत.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वहिनीनं तेलाची वाटी आणली, दादानं काडी ओढली, आणि मी म्हणालो, “चला, आपला भैरू शाकाहारी निघाला.”

बायको पोह्यांवर शेव घालत होती. मान वर न करता म्हणाली, “मला ठाऊकच होतं. देवासला अंडं कुठून निघणार? त्याला धारच लागतं.”