सातबारा सुखरूप पोहोचला, चुकांसह

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरचा ऊस फडातून काट्यावर येईस्तोवर किती घटतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. 1934 साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना याच गावात उभा राहिला. तेव्हापासून इथला शेतकरी काट्यावर डोळा ठेवायला शिकला. पण प्रवासात उसाऐवजी रानच घटलं, तर डोळा ठेवायचा कशावर?

सातबाऱ्याचा प्रवास मोठा थाटात झाला. तलाठ्याच्या वहीतून तो तालुक्याच्या संगणकात उतरला, तिथल्या सर्व्हरवरून राज्याच्या डेटा सेंटरमध्ये चढला. समजा, निघताना एखाद्याचं क्षेत्र 1 हेक्टर 40 आर होतं आणि पोहोचल्यावर 1 हेक्टर 04 आर भरलं. एकराला थोडं कमी रान गेलं. नीरेच्या पुरात गेलं असतं तर निदान पंचनामा झाला असता!

सरकारला अशा चुकांची कल्पना नव्हती असं नाही. 2017 साली चावडी वाचन झालं, संगणकातला उतारा गावापुढं मोठ्यानं वाचला गेला. दुरुस्तीसाठी एडिट मॉड्यूल होतं. त्यात राहिलेल्या चुकांसाठी री-एडिट मॉड्यूल आलं. पुढचं नाव सुचलं नसावं, म्हणून गाडी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 वर थांबली. लेखनप्रमाद झाला असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करा.

1 मे 2018 पासून उताऱ्याला डिजिटल सही मिळू लागली. पूर्वी चूक तलाठ्याच्या अक्षरात असायची. ‘अक्षर लागत नाही’ म्हणून चार वर्षं ढकलता यायची. आता 15 रुपये भरले की ती स्वच्छ टंकलेली, सहीनिशी आणि घरबसल्या हातात पडते. सोसायटीत कर्जाला ती चालते, कारखान्यात ऊस नोंदवायला चालते. चालत नाही ती फक्त शेतकऱ्याला.

आता दुरुस्तीचा अर्ज घेऊन माळशिरसला जा. पहिला प्रश्न येतो, ‘जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल आणलीय का?’ म्हणजे ज्या वहीवर विश्वास नाही म्हणून संगणक आणला, त्या संगणकाची साक्ष काढायला पुन्हा तीच वही. अभिलेख कक्षातलं ते रुमालात बांधलेलं दप्तर रेंज मागत नाही, वीज मागत नाही, ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत नाही. फार तर कसर लागते. तीसुद्धा आकड्याची अदलाबदल करत नाही, सरळ खाऊन टाकते. व्यवहार चोख!

2021 मध्ये ई-पीक पाहणी आली, तेव्हा पिकाची नोंद करायचं काम शेतकऱ्याच्याच मोबाइलवर आलं. डोक्याएवढ्या उसात उभं राहून फोटो काढायचा आणि रेंजसाठी बांधावर पळायचं. काम हस्तांतरित झालं, पगार तेवढा जुन्याच खात्यावर राहिला.

अलीकडं तर तलाठी हे पदनामच नव्या आवृत्तीत गेलं. आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी. परवा एकानं कार्यालयाच्या दारात उभं राहून हे लांबलचक नाव न अडखळता घेतलं आणि साहेब कुठं आहेत, असं विचारलं.

‘भाऊसाहेब मीटिंगला गेल्यात.’

एवढी एक नोंद मात्र कानामात्रेचाही फरक न पडता जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत आली आहे.