कुठले म्हणायचे आपण?

मराठवाड्यात ओळख नुसत्या नावावर भागत नाही. नावामागून आडनाव, आडनावामागून गाव, गावामागून तालुका, आणि त्या तालुक्यात आपला एखादा पाव्हणा निघेपर्यंत विचारणारा चहा थंड होऊ देतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला आयटीवाला याच मातीतला. फक्त हा प्रश्न माणसांना विचारायचं त्याने सोडून दिलेलं असतं. तो प्रोसेसरला विचारतो. तेही खऱ्या प्रोसेसरला नाही, प्रोसेसरचं सोंग घेतलेल्याला.

पगारपत्रकावर त्याचा हुद्दा ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, आयटी’ असा भारदस्त असतो. पण गेटवरच्या वॉचमनपासून शेठपर्यंत सगळे त्याला ‘आयटीवाले’ म्हणतात. हे अनेकवचन आदराचं, की त्या खात्यात बरेच लोक असावेत या समजुतीचं, हे कोणी स्पष्ट केलेलं नाही. खात्यात तो एकटाच असतो. वय चाळिशीकडे झुकलेलं, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टार स्क्रूड्रायव्हर, बजाजनगरात दोन खोल्या, गावाकडे दोन एकर कपाशी, आणि बोलण्यात ‘करू राहिलो’ आणि ‘हौ’ यांची अशी भेसळ की पुण्याचा व्हेंडर फोनवर दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारतो.

तो असा का घडला हे कळायला वाळूजकडे पाहावं लागतं. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची दाटी झाली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, तशी तिकडेही झाली. ऑर्डर आली की मशीन घ्यायचं, मंदी आली की आहे ते दामटायचं, ही या कंपन्यांची रीत. सीएनसीचं जे, तेच सर्व्हरचं. कॅन्टीनच्या भिंतीला लागून असलेल्या त्या गार खोलीत एक सर्व्हर इंटेलच्या २००९ च्या नेहालेम पिढीचा असतो, दोन २०१४ चे हॅसवेल आणि एक २०१९ चा कॅस्केड लेक. कंपनीला कोणत्या वर्षी नफा झाला हे ताळेबंद न उघडता रॅककडे बघून सांगता येतं. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण या सर्व्हरांची नावं अजून ‘एयूआर-०१’, ‘एयूआर-०२’ अशीच आहेत. ती बदलली तर कुठे काय तुटेल हे त्यालाही सांगता येत नाही, म्हणून तो विषयच काढत नाही.

या चौघांच्या पोटात मग व्हर्च्युअल मशिनं नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. एकात टॅली, एकात ईआरपी, एकात हजेरीचं बायोमेट्रिक, एकात ई-वे बिल. शिवाय क्वालिटीवाल्यांचं एक जुनं सॉफ्टवेअर, जे लिहिणारा आता हिंजवडीत आहे आणि फोन उचलत नाही.

एसी बिघडला किंवा रॅम बदलायची वेळ आली की एका सर्व्हरवरचं बिऱ्हाड दुसऱ्यावर हलवायचं असतं, तेही चालत्या कामात. व्हीएमवेअरने २००३ साली ‘व्हीमोशन’ या नावाने ही करामत बाजारात आणली तेव्हा ती जादू वाटली होती. प्रत्यक्षात तो चिकाटीचा मामला आहे. आधी मशीनची सगळी मेमरी पलीकडे कॉपी होते. तोवर मशीन चालूच असल्याने काही पानं बदलतात, ती पुन्हा कॉपी होतात. तेवढ्यात आणखी थोडी बदलतात. असं होता होता उरलेलं इतकं थोडं राहतं की मशीन क्षणभर थांबवून, शेवटची पानं आणि प्रोसेसरची त्या घडीची अवस्था पलीकडे देऊन तिथे ते चालू करता येतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईमू या सॉफ्टवेअरमध्ये या थांब्याची मुदत मुळात ३०० मिलिसेकंदांची धरलेली असते. बिलिंगच्या मॅडमना काही कळतही नाही. आयटीवाल्याला या गोष्टीचा फार अभिमान आहे, आणि नेमकं तेच त्याचं दुःख.

मात्र मेमरी हलते, प्रोसेसर हलत नाही. खरी भानगड इथून सुरू होते.

कोणताही प्रोग्राम कामाला लागताना प्रोसेसरला एकदा विचारून घेतो, की बाबा, तुला काय काय येतं? या चौकशीची सूचना म्हणजे सीपीयूआयडी. १९९३ च्या पेंटियमपासून ती रुळली. (पेंटियमचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. आयटीवाला ही माहिती ‘मग, चौकशा पुणेवालेच करणार’ या शेऱ्यासकट पुरवतो.) उत्तरात आधी कुळ येतं. इंटेलचा प्रोसेसर बारा रोमन अक्षरांत ‘जेन्युइनइंटेल’ म्हणतो, एएमडीचा तितक्याच अक्षरांत ‘ऑथेंटिकएएमडी’. आपण अस्सल आहोत हे सांगायची दोघांनाही सारखीच घाई. सोंग देणाऱ्या हायपरव्हायजरला त्याच्या स्वतःच्या खान्यात जाऊन नाव विचारलं, तर व्हीएमवेअर आपलं नाव लागोपाठ दोनदा सांगतो आणि केव्हीएम तीनदा.

कुळानंतर येतात फ्लॅग, म्हणजे अंगातल्या कलांची यादी. इंटेलच्या आजच्या झिऑन प्रोसेसरची ती शंभराच्या वर जाते. एव्हीएक्स-२ ही कला हॅसवेलला येते, नेहालेमला येत नाही. हॅसवेलवर एकदा ‘येते’ असं ऐकून कामाला लागलेला प्रोग्राम पुन्हा विचारत बसत नाही. चालता चालता त्याला नेहालेमवर नेऊन सोडला तर तो तिथेही तीच आज्ञा देतो आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत आडवा होतो. म्हणून व्हर्च्युअल मशीनला खरा प्रोसेसर न दाखवता एक ठरावीक सोंग दाखवायचं: सँडीब्रिज, हॅसवेल, स्कायलेक-सर्व्हर. सोंगाला जेवढ्या कला, तेवढ्याच मशीनला दिसणार. ज्या ज्या सर्व्हरला हे सोंग पेलवतं, तिथे तिथे ते जाऊ शकतं.

बिऱ्हाड हलवण्याआधी आयटीवाल्याची उलटतपासणी सुरू होते ती यासाठी. मशीनच्या आत शिरून तो प्रोसेसरचं नाव पाहतो. ‘इंटेल झिऑन प्रोसेसर (स्कायलेक, आयबीआरएस)’ असं दिसलं की गालात हसतो. असा प्रोसेसर जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. खऱ्या झिऑनच्या नावात गोल्ड-सिल्व्हर असतं, आकडा असतो, गिगाहर्ट्‌झ असतात. कंसात घराणं सांगत येतो तो क्यूईमूने रंगवलेला. आणि आकड्यासकट पूर्ण खरं नाव दिसलं की त्याचा चेहरा पडतो. कारण ते ‘होस्ट-पासथ्रू’, म्हणजे सोंगच नाही. जो खरं बोलतो तोच जागचा हलवताना सगळ्यात जास्त अडचणीचा.

मग तो ‘व्हर्श’ची काळी खिडकी उघडतो. त्यातल्या ‘सीपीयू-कम्पेअर’ आज्ञेची उत्तरं तीनच: अगदी सारखा, वरचढ, जमत नाही. ‘सीपीयू-बेसलाइन’ला सगळ्या सर्व्हरांच्या याद्या दिल्या की सर्वांना जमेल असं समाईक सोंग ती काढून देते. तरीही समाधान होत नाही म्हणून त्याची एक एक्सेल शीट असते. उभे सर्व्हर, आडवे फ्लॅग, हिरवे-लाल चौकोन. एचआरला वाटतं, हा ओव्हरटाइम मोजतोय.

एकदा कॅन्टीनमध्ये तो चिकलठाण्याच्या मित्राला फोनवर समजावत होता. मित्राकडे एएमडीचे एपिक सर्व्हर होते आणि त्यांच्या पिढ्यांची नावं इटलीतल्या शहरांवरून ठेवलेली: नेपल्स, रोम, मिलान, जेनोआ. “रोमवरून मिलानला बिनधास्त जाऊ दे. पण मिलानवरून रोमला परत यायचं असंल तर निघतानाच रोमचा म्हणून निघायचं. तिथं जाऊन नाव बदलता येत नाही.” दुसऱ्या दिवशी पर्चेसवाल्यांनी त्याला टूर कंपनीचा नंबर मागितला. ज्या माणसाची धाव शेगावपुढे गेलेली नाही, त्याच्याबद्दल आठवडाभर प्लँटमध्ये आदर होता.

नावावर विश्वास न ठेवण्याची सवय त्याला इंटेलनेच लावली. हॅसवेलमध्ये टीएसएक्स नावाची एक नवी कला होती. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने तिच्यात दोष असल्याचं मान्य केलं आणि मायक्रोकोड अपडेट देऊन ती बंद करून टाकली. म्हणजे एकाच दिवशी, एकाच बिलावर आलेले दोन सर्व्हर. एकाचं बायोस जुनं, दुसऱ्याचं अद्ययावत. नाव तेच, मॉडेल तेच, पण एकाला ती कला येते आणि दुसऱ्याला येत नाही. पहिल्यावरून दुसऱ्याकडे मशीन जाईना. क्यूईमूला ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’ असं निराळं सोंगच काढावं लागलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन जगजाहीर झाले, तेव्हा बऱ्याच जुन्या घराण्यांना ‘आयबीआरएस’चं शेपूट लागलं. तेव्हापासून आयटीवाला सर्व्हरवरच्या स्टिकरकडे लग्नपत्रिकेतल्या पदव्यांकडे बघावं तसा बघतो. वाचतो, पण मनावर घेत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं. वाळूजच्या कंपन्यांमध्ये ‘प्रॉक्समॉक्स’ हा पर्याय त्यानंतर शेठलोकांच्या तोंडी आला, कारण तो फुकट होता. स्थलांतर अर्थातच आयटीवाल्याने केलं. आणि स्वभावाला धरून, प्रत्येक मशीनला सगळ्यात भित्रं सोंग दिलं: केव्हीएम६४. यात जवळपास काहीच कला नाहीत, त्यामुळे ते रॅकमध्ये कुठेही जाऊ शकतं.

त्याच सुमारास शेठनी नवा सर्व्हर घेतला होता. पूजा झाली, नारळ फुटला. शेठना कॉम्प्युटरमधलं टास्क मॅनेजर तेवढं उघडता यायचं. ते त्यांनी उघडलं. तिथे लिहिलं होतं: ‘कॉमन केव्हीएम प्रोसेसर’.

“आयटीवाले, हे कॉमन काय आहे? मी नव्या झिऑनचे पैसे दिलेत.”

“झिऑनच आहे, शेठ. कॉमन म्हणून वागू राहिलाय.”

“का?”

“२००९ वाल्याकडं जाता यावं म्हणून.”

“मग २००९ वाल्याला सांगा ना, नव्यासारखं वाग म्हणून!”

सगळ्या मालकवर्गाचं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे, पण ते सिलिकॉनला लागू पडत नाही. शेठ मूळचे जुन्या शहरातले, म्हणून आयटीवाल्याने तिथलाच रस्ता धरला. “शेठ, मलिक अंबरनं १६१२ ला बांधलेला भडकल दरवाजा केवढा मोठाय. पण तीच गाडी मकाई गेटातून बी काढायची असंल, तर माल मकाईच्या मापानं भरायचा का भडकलच्या?” शेठ गप्प झाले. त्यांना पटलं नव्हतं, पण दरवाजा डोळ्यांसमोर आला होता.

अतिनम्रतेची शिक्षाही मग झाली. केव्हीएम६४ ला एईएस ही सांकेतिकीकरणाची कला येत नाही, त्यामुळे बॅकअप गुप्त करून पाठवायचा तर तो रात्रभर रांगायचा. त्यात ईआरपीवाल्यांची नवी आवृत्ती आली आणि तिला रेड हॅट ९ च्या घराण्यातलं लिनक्स हवं होतं. २०२२ सालापासून या घराण्याची किमान अट ‘एक्स८६-६४-व्ही२’ अशी आहे. केव्हीएम६४ ती पुरी करत नाही, त्यामुळे मशीन सुरू होतानाच ‘फेटल’ म्हणून बसलं. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी स्वतः २०२३ च्या आठव्या आवृत्तीत केव्हीएम६४ चं आपोआप मिळणारं सोंग काढून त्या जागी व्ही२-एईएस ठेवलं होतं. आयटीवाल्याने ते पाहून, मुद्दाम हाताने पुन्हा मागचं निवडलं होतं.

त्याने सोंग एक पायरी वर न्यायचं ठरवलं. एईएस २०१० च्या वेस्टमेअरपासून आलं, नेहालेमकडे ते नाही. म्हणून नुसतं व्ही२. बॅकअप तसाच रांगणार, निदान ईआरपी तरी उठेल. शेठना कळवलं.

“म्हणजे आता नवा सर्व्हर नव्यासारखा चालेल?”

“२००९ सारखा, शेठ.”

“आणि आधी?”

आयटीवाल्याने या प्रश्नाचं उत्तर न देणं पसंत केलं.

सोंग बदलायचं तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. आतून नुसतं रीस्टार्ट केलं तर बाहेरचं सोंग तेच राहतं. आणि कंपनीत पूर्ण बंद करण्याएवढा दुर्मिळ मुहूर्त दुसरा नाही. महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा, अकरा तारखेला जीएसटीचं एक विवरण, वीसला दुसरं, शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, मधे ऑडिटर. आयटीवाला बिलिंगच्या मॅडमकडे गेला. “मॅडम, पंधरा मिनिटं टॅली बंद ठेवायचीय.” “दादा, तुम्हीच तर म्हणता ना, चालू ठेवून हलवता येतं?” ३०० मिलिसेकंदांत न कळू देता काम करायची सवय लावल्याचे हे परिणाम.

यावर तोडगा अखेर शेठनीच काढला, नकळत. रेल्वे स्टेशन एमआयडीसीतल्या कोणीतरी त्यांना एपिकचं कोटेशन दिलं. चार सर्व्हरांचं काम एकात, शिवाय स्वस्त. ॲडव्हान्स देऊन झाल्यावर त्यांनी आयटीवाल्याला विचारलं.

“इंटेलवरून एएमडीवर चालू मशीन जात नाही, शेठ. कुळच वेगळं.”

“मग?”

“सगळं बंद करून न्यावं लागंल. पूर्ण बंद.”

“मग करा की बंद. रविवारी दोन तास घ्या.”

इतक्या वर्षांत पूर्ण शटडाउन कोणी आपणहून देऊ केल्याची ही पहिलीच वेळ. आयटीवाला अनुभवी होता. “मेल करता का शेठ? लेखी असलेलं बरं.”

संध्याकाळी मेल आली. बिलिंगच्या मॅडम, प्लँट हेड आणि ऑडिटर कॉपीत होते. मजकूर एका ओळीचा: ‘रविवारी सर्व सर्व्हर बंद ठेवण्यास परवानगी आहे, फक्त टॅली आणि ईआरपी चालू ठेवणे.’