तब्येत ठणठणीत असल्याचा पुरावा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात खरोखर आजारी पडलेल्या माणसाला कुणी फारसं तपासत नाही. ताप घेऊन गेलं की डॉक्टर जीभ बघतात, एक सुई टोचतात, गोळ्यांची पुडी देतात, 'तेलकट खाऊ नका' म्हणतात आणि पुढच्याला आत बोलावतात. आपण तिसऱ्या दिवशी बरे होतो. वैद्यकशास्त्रातल्या झाडून सगळ्या यंत्रांचं दर्शन घ्यायचं असेल, तर माणसाने आधी धडधाकट असावं लागतं आणि वर चांगलं दिसायची इच्छा धरावी लागते.

माझ्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, चरबीची एक गाठ होती. दुखत नव्हती, वाढत नव्हती, वर्षानुवर्षं बिनतक्रार नांदत होती. मुलीचं लग्न ठरलं आणि फोटोत नवरदेवाच्या आधी ही गाठच दिसेल, असं घरात सर्वानुमते ठरलं. मला कुणी विचारलं नाही. नांदेडच्या सर्जननी गाठ बोटाने दाबून पाहिली. म्हणाले, "किरकोळ आहे गुरुजी. तेवढ्याच जागेला भूल. पंधरा मिनिटांचं काम. फक्त रुटीन तपासण्या करून फिटनेस घेऊन या."

या 'फक्त'मध्ये रक्त होतं, लघवी होती, उपाशीपोटीची साखर होती, जेवल्यावर दोन तासांनीची साखर होती, किडनी, लिव्हर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी होता. कपाळ सोडून सगळं होतं.

तपासण्या मी शहाण्यासारख्या हिंगोलीतच करून घेतल्या आणि फाइल घेऊन नांदेड गाठलं. काउंटरवरच्या बाई फाइल न उघडता म्हणाल्या, "बाहेरचे रिपोर्ट चालत नाहीत." रक्त दोन्हीकडे माझंच असणार होतं, हे मी सुचवून पाहिलं. त्यांनी नवीन फॉर्म दिला. उपाशीपोटीची साखर द्यायची म्हणजे पहाटेच्या एसटीने, चहाशिवाय, दोन तास हेलकावे खात जायचं. स्टँडवर भज्यांचा घाणा सुरू असतो, आपण त्याच्याकडे पाठ करून बसायचं.

लॅबमधला पोरगा मात्र गोड होता. "चहा घेतला नाही ना गुरुजी?" म्हणाला आणि स्वतःच्या कपातला घोट घेतला. मग त्याने रक्त किती वेळ वाहतं ते मोजायला माझं बोट टोचलं. दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावायचा, लाल ठिपके लहान होत गेले की थांबायचं, अशी ती पद्धत. तिसऱ्या ठिपक्याला त्याला फोन आला. कुठल्याशा सोयाबीनच्या भावाचं बोलणं चाललं होतं. भाव पडलेला होता, त्यामुळे बोलणं लांबलं आणि माझं रक्तही लांबलं. शेवटी त्याने कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि 'दोन मिनिटं दहा सेकंद' असं अत्यंत आत्मविश्वासाने लिहिलं. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने 1998 सालीच सांगून टाकलं होतं की, या चाचणीवरून ऑपरेशनमध्ये कोणाला किती रक्त जाईल याचा अंदाज येत नाही. सोयाबीनच्या भावाचा येतो का, ते त्यांनी तपासलेलं नाही.

फॉर्मवर खाली एचआयव्हीच्या चौकोनातही बरोबरची खूण होती. उपचार हवा तर आधी ही तपासणी करा अशी अट घालता येत नाही आणि समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ती करताही येत नाही, असं 2017 चा कायदा म्हणतो. मी संमतीबद्दल विचारलं. पोरगा म्हणाला, "झाली की सही तुमची." ती मी पार्किंगच्या पावतीवर केल्याचं मला आठवत होतं.

ईसीजीच्या यंत्राने माझ्या छातीला गार जेली लावून, चिमटे अडकवून जो कागद काढला त्यावर यंत्राने आपणहून 'बॉर्डरलाइन' असं छापलं. माणूस असता तर वाद घालता आला असता. बॉर्डरलाइन आलं म्हणून टू-डी इको आली. इकोमध्ये हृदय उत्तम निघालं, फक्त शेवटच्या ओळीत 'ग्रेड वन' काहीतरी होतं. "वयोमानाने असतं, लक्ष देऊ नका," डॉक्टर म्हणाले. मी दिलं नाही. पण मेहुण्यांनी रिपोर्ट वाचला होता.

संध्याकाळपर्यंत माणसं यायला लागली. शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. कळमनुरीचे मामा खुर्चीच्या कडेवर बसून हळू आवाजात म्हणाले, "काहून अंगावर काढलं दाजी एवढं?" मी कपाळावरची गाठ दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि बायकोकडे वळून विचारलं, "डोक्यात बी गेलं का?"

फिटनेस देणारे फिजिशियन दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि लिफ्ट बंद आहे. न थांबता, धाप न लागता दोन जिने चढता येतात का, हा भूलतज्ज्ञांचा जुना आणि फार कामाचा प्रश्न आहे. चढता येत असतील तर हृदय बरंचसं सांभाळून घेईल असं मानतात. म्हणजे या दवाखान्यात जो वरपर्यंत पोचला तो पास झालेलाच असतो. तरी आत गेल्यावर पैसे घेतात. कागदावर लिहिलं होतं : 'मध्यम जोखीम पत्करून शस्त्रक्रियेस हरकत नाही.' जोखीम कोण पत्करतंय ते लिहिलं नव्हतं, खाली सही माझी होती.

सोबत सूचनांचा छापील कागद होता. दोन आठवडे ॲस्पिरिन बंद, माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद, लसूण बंद, हळद बंद. हळद! ज्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यात, हळद शिजवून वाळत घालण्याच्या दिवसांत, लग्नघरात. घरी पिवळं नसलेलं वरण करायला बायकोने साफ नकार दिला. भूलतज्ज्ञ बाईंना विचारलं तेव्हा त्या हसल्या. "अहो, ते कॅप्सूलवाल्यांसाठी आहे. चिमूटभर हळदीने काय होतंय?" मग त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, मान वळवायला लावली, पूर्वी कधी भूल घेतली का, कशाची ॲलर्जी, कोणत्या गोळ्या चालू, असं नीट विचारलं. पाच मिनिटं. अख्ख्या प्रकरणात माझ्याशी बोललेल्या त्या एकट्याच.

तपासण्याच नकोत असं माझं म्हणणं नाही. 2019 मध्ये मुंबईत एक व्यावसायिक केस लावून घ्यायला गेला आणि त्यानंतर दगावला. तीव्र ॲलर्जीचा संशय होता. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला केसरोपणाच्या नियमावलीत लिहावं लागलं की, यूट्यूबवर बघणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. हे लिहावं लागतं, यातच सगळं आलं. सुरी कोणाच्या हातात आहे आणि काही बिघडलं तर हाताशी काय आहे, याची तपासणी मात्र कुठल्या फॉर्मवर नसते. उलट मोतीबिंदूच्या सुमारे 19 हजार ऑपरेशनांचा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास 2000 साली छापून आला. रुटीन तपासण्या केलेल्यांना आणि न केलेल्यांना सारखाच त्रास झाला होता.

पूर्वी बरं होतं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर 1794 च्या अंकात ते चित्रासकट छापलं. नाकाचं माप मेणाने घेतलं होतं. टू-डी इकोचा उल्लेख नाही. अर्थात भूलही नव्हती, त्यामुळे फिटनेस कोणी मागितला नसावा.

विमा कंपनीने माझा अर्ज दोन कलमांखाली परत केला : चौथं, निव्वळ तपासण्यांचा खर्च मिळत नाही, आठवं, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. बिलावर 18 टक्के जीएसटी होता, कारण आरोग्यसेवेला करमाफी असली तरी नटण्याला नाही. सरकारच्या लेखी मी हौशी, फिजिशियनच्या लेखी मध्यम जोखमीचा आणि कळमनुरीच्या लेखी शेवटच्या घटका मोजणारा.

गाठ खरोखरच पंधरा मिनिटांत निघाली. टाके घालून झाल्यावर सर्जननी ती एका छोट्या बाटलीत टाकली, बाटलीवर माझं नाव लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. गाठीचीही तपासणी करावी लागते म्हणे. आठवड्याने रिपोर्ट आला : साधी चरबी, कुठेही दोष नाही, संशयास्पद काही नाही, बॉर्डरलाइन काही नाही. एवढ्या सगळ्या कागदांत निखालस नॉर्मल निघालेला माझ्या अंगाचा तेवढा एकच भाग होता, आणि तो त्यांनी काढून टाकला होता.