जिजींचं वय

हो, त्याच जिजी. सीताफळाचं झाड दिसतं ना तुमच्या खिडकीतून, त्या घरातल्या. तू इथे राहायला यायच्या आधीच गेल्या, २०२३च्या माघात. अशी कुंपणापाशी ये, मोठ्यानं बोलायला नको. धाकटी सून मागच्या दारी भांडी लावतेय.

तर गंमत ऐक. पेपरातल्या निधनवार्तेत वय छापलं १०४. मृत्यूच्या दाखल्यावर ९९. बाई एकच! भेटायला आलेली माणसं बाहेर चपला घालता घालता हळूच विचारायची, "नक्की किती हो?"

आता मी जे सांगते ते खुद्द जिजींच्या तोंडून ऐकलेलं. त्या मानमोडीच्या साथीतल्या. १९१८ सालचा तो ताप गं, घरंच्या घरं झोपवली त्यानं. पाऊस सरत आलेला, घरात तिघं अंथरुणाला खिळलेले आणि सुईण उंबरा ओलांडायला तयार नाही. तिनं म्हणे दारातूनच सांगितलं काय काय करायचं ते. अशा वेळची तारीख कोण लिहून ठेवणार? पण साल पक्कं. मग पाच वर्षं गेली कुठे?

पानशेतात गेली. हसू नकोस! १२ जुलै १९६१. तेव्हा त्या नारायण पेठेत वाड्यात राहायच्या. धरण फुटलं म्हणून ओरडा झाला, तरी निम्म्या लोकांना ती अफवाच वाटली. पाणी चौकात शिरलं तेव्हा जिजींनी पोरांना पुढे घातलं आणि काखेत काय घेतलं असेल? लोणच्याची बरणी. महिन्याभरापूर्वी घातलेलं, नुकतं मुरायला लागलेलं. कागदपत्रांची पेटी राहिली माळ्याखाली, ती गेली वाहून. यजमान संध्याकाळी डोक्याला हात लावून बसले, तर ह्या म्हणाल्या, "कागद सरकार परत देईल. लोणचं पुढच्या वैशाखापर्यंत कोण देणार आहे?" वर खडकवासल्याचंही धरण गेलेलं, म्हणजे नळ कोरडे. गावभर चिखल आणि प्यायला थेंब नाही. जिथे आसरा मिळाला तिथे त्या बरणीवर दोन बिऱ्हाडं जेवली. हे मात्र थोरला मुलगाही कबूल करतो, एरवी आईचं काही कबूल करायचा नाही तो.

पुढे नवं रेशनकार्ड काढायला रांगेत उभ्या राहिल्या. त्यावर वय पडलं ३८. खरं तर बेचाळीस उलटून गेलेली. मुलं म्हणतात कारकुनानं अंदाजानं लिहिलं. मला विचारशील तर बाईनंच सांगितलं असणार! सगळं वाहून गेलंय, त्यात चारपाच वर्षं वाहून गेली तर कोण विचारतंय. मी एकदा तोंडावर विचारलं होतं. नुसत्या हसल्या, आणि मला लसूण सोलायला बसवलं.

त्यानंतर पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, त्यात ही घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी हे म्हणजे गावाबाहेरच वाटायचं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेतली ज्वारी. भाकरी थापायला घेतली की तुकडेच. मी रडकुंडीला आले, तर जिजी ह्याच तारेवरून म्हणाल्या, "रडून पीठ मळतं का? उडदाचं पीठ घाल मूठभर आणि पाणी उकळतं घे." शिकवलं, पण आधी बोलल्या. ते पेपरात छापलंय ना, "शांत, प्रेमळ स्वभावाच्या", ते वाचून मला बाई हसूच फुटलं. प्रेमळ होत्या, अगदी होत्या. शांत? थोरलीचा पुरणाचा पहिला घाणा बिघडला तो किस्सा प्रत्येक होळीला, प्रत्येक पाहुण्याला, तिच्यादेखत. तीच थोरली पुढे तीन महिने दवाखान्यात होती, तेव्हा मात्र डबा रोज जिजींच्याच हातचा. ऐंशीच्या पुढची बाई, बसनं जायची. त्याबद्दल अवाक्षर कुणाला सांगितलं नाही. पुरणाचं सांगणंही थांबवलं नाही.

हिशोब शेवटपर्यंत आण्यांत. दशमान नाणी १९५७ साली आली, जिजींपर्यंत पोचलीच नाहीत. २०११त चार आण्याचं नाणं बंद झालं, तेव्हा भाजीवाल्यालाच फैलावर घेतलं, जणू त्यानंच बंद केलं. एसटी पंचाहत्तरीपुढे फुकट झाली ती २०२२ साली. म्हणाल्या, "आता करतात, मला बसतं उठतं करायला दोन माणसं लागतात तेव्हा."

आणि सहस्रचंद्रदर्शन! हजार पुनवा बघायला एक्क्याऐंशीच्या घरात यावं लागतं, म्हणून १९९९ साली बेत ठरला. धाकटा बँकेतला, कागदाचा किडा. म्हणाला, "कार्डाप्रमाणे आई पंचाहत्तरीची आहे, हे लोकांना खोटं वाटेल." जिजी गुरुजींसमोरच कडाडल्या, "चंद्र मी बघितले की रेशन ऑफिसानं?" झाला समारंभ. जिलबी उत्तम होती, मठ्ठा पातळ.

आता पाटल्यांवरून काय चाललंय ते मी सांगणार नाही. एक थोरलीकडे, एक धाकटीकडे, एवढंच. बरणीवरून मात्र जोरात जुंपली. नातीनं थेट टोरांटोहून फोन करून मागितली. चिनीमातीची, कडेला टवका उडालेली, तिचा दादरासुद्धा फाटलेला. पाटल्यांसारखी वाटून घ्यायची तर निम्मी निम्मी कशी करणार?

आणि धाकटा आता दाखल्यावरचं वय दुरुस्त करायला धावतोय. थोरला म्हणतो, कशाला? दोघांनी सही करायला मला बोलावलंय परवा, जुनी शेजारीण म्हणून. मी जाणार आहे. एकशेचार पुरी केली बाईनं, आणि ती पाच वर्षं तिनं स्वतःच्या हातानं खोडली होती. यातलं पहिलं मी वाटेल त्या कचेरीत लिहून देईन. दुसरं फक्त तुला सांगितलं.