पेटीचा पारखी

क्योटोतल्या जुन्या भांड्यांच्या दुकानांत हा गृहस्थ हटकून सापडतो. दुकानदाराने कवयित्री-संन्यासिनी रेंगेत्सूबाईंची चहादाणी पुढे ठेवली, तरी हा आधी पाहतो ती तिची लाकडी पेटी. झाकणावरचा शाईचा मजकूर, दोरीचा रंग, लाकडाचा वास. मुलगी पाहायला जाऊन पत्रिकेतच डोकं खुपसणाऱ्या वरपित्यासारखा.

चहादाणी तळहातावर मावेल एवढी. चाकावर न चढवता नुसत्या बोटांनी वळलेली, दाबल्याच्या खुणा तशाच ठेवलेली. ओल्या मातीत कोरलेली 31 अक्षरी कविता अंगभर फिरलेली. पारखी डोळे मिटून मान डोलावतो. ते जुनं वळणदार अक्षर आज बहुतेक जपान्यांना वाचता येत नाही, त्यालाही येत नाही. बरोबरच्या पुतण्याने अर्थ विचारलाच, तर म्हणतो, "हे वाचायचं नसतं रे, भोगायचं असतं."

वय मात्र वाचता येतं. उतारवयात बाई सहीशेजारी वय घालत. जन्म 1791चा, जुन्या पद्धतीने जन्मताच एक वर्ष धरायचं. म्हणजे 77 लिहिलं असेल तर साल 1867. हे गणित तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं करतो.

बाईंचं आयुष्य सांगताना त्याचा गळा दाटतो. दोन लग्नं, दोन्ही नवरे गेलेले, पोटची मुलं गेलेली, 1823मध्ये संन्यास, पुढे वडील वारल्यावर पोटासाठी मातीत हात. भांडी इतकी गाजली की माणसांचा ससेमिरा चुकवायला त्या सारखी बिऱ्हाडं बदलत. गावाने त्यावरून नावही पाडलं. नकला बाजारात आल्या, तेव्हा बाईंनी नकलाकारांच्या भांड्यांवर स्वतःच्या हाताने कविता लिहून दिल्या. बिचाऱ्यांचं पोट चालावं म्हणून!

इथे पारख्याचा गळा मोकळा होतो आणि घाम फुटतो. कविता बाईंची, अक्षर बाईंचं, माती भलत्याची. आता हिला अस्सल म्हणायचं की नक्कल? भिंगातून तासभर पाहूनही उत्तर मिळत नाही, आणि मला विचाराल तर बाईंना ते नकोच होतं.

शेवटी तो पेटी पाहूनच पैसे मोजतो. घशाला कोरड पडलेली असते. कोपऱ्यावरच्या यंत्रात नाणी टाकून बाटलीतला गार चहा पितो.

त्याच्या घरी जाल तेव्हा चहा पिऊनच जा. आणि "एक पेटी उघडून दाखवू का?" असं त्याने विचारलं, तर आधी शेवटच्या गाडीची वेळ पाहून घ्या.